पातळ पत्र्यासाठी आर्गन मशीन: ॲम्पियरच्या मागे लागू नकोस

पत्र, थोडं आवरून:

"काका, मी बडोद्यात मांजलपूरला राहते. फाइन आर्ट्समधून शिल्पकला केली, आता दिवसा नोकरी आणि संध्याकाळी घराच्या मागच्या शेडमध्ये माझं काम. आत्तापर्यंत रॉडचं साधं वेल्डिंग केलं, सळ्या जोडल्या. आता स्टेनलेसच्या पातळ पत्र्यातून पानं आणि पक्षी करायचेत, पण रॉडने पत्रा जळतो, भोकं पडतात. म्हणून टिग, म्हणजे आर्गन वेल्डिंगचं मशीन घ्यायचंय, ४५ हजार बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतो २५० ॲम्पियरचं घ्या, मोठं कधीही बरं. मामेभाऊ म्हणतो एसी-डीसीच घे नाहीतर ॲल्युमिनियम करता येणार नाही. ऑनलाइन एक थ्री इन वन दिसतंय, मिग, टिग, रॉड सगळं एकात, गॅसशिवाय चालतं असं लिहिलंय. घरी सिंगल फेज आहे. आजी सोबत असते, तिला मागच्या वर्षी पेसमेकर बसवलाय. आणि तिचा एक जुना पितळी तांब्या आहे, तो मला एका शिल्पात जोडायचाय. काय घेऊ?"

बेटा, पत्र वाचून फार बरं वाटलं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, मी २६ वर्षं स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपलाइनी जोडल्या, फार्मावाल्यांच्या, केमिकलवाल्यांच्या, पण पक्षी करायचाय म्हणून आर्गन शिकायला आलेलं कुणी मला भेटलं नाही. आपल्या बडोद्याला तसं हे शोभतंच, सयाजीराव महाराजांनी १८९० ला कलाभवन काढलं तेव्हा ड्रॉइंग आणि यंत्रकाम एकाच संस्थेत शिकवायचे.

तर आता कामाचं. टिगमध्ये टंगस्टनच्या न वितळणाऱ्या कांडीच्या टोकाला आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटते आणि तिच्याभोवती आर्गन गॅसचं पांघरूण असतं, एवढं लक्षात ठेव. आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. डीसी टिग घे, २०० ॲम्पियरचं, सिंगल फेजवर चालणारं, ज्यात एचएफ आणि लिफ्ट असे आर्क पेटवायचे दोन्ही प्रकार आहेत (ते पुढे सांगतो), पल्स, म्हणजे करंट ठोक्याठोक्याने कमी-जास्त करायची सोय, आहे आणि फूट पेडल लावायची सोय आहे. एसी-डीसी आत्ता नको, २५० ची गरज नाही, थ्री इन वन तर नकोच. आणि सगळे ४५ हजार मशीनवर घालू नकोस. मशीन आणि टॉर्च मिळून निम्म्याच्या थोडं वर गेलं की तिथे थांब, कारण गॅसचा बाटला, रेग्युलेटर, हेल्मेट, फिलर म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, टंगस्टन, वायरिंग हे सगळं अजून यायचंय आणि त्यातलं एक जरी हलकं घेतलं तरी भारी मशीन तिथेच पडून राहतं, हे मी दोन-तीन ओळखीच्यांचं बघितलंय.

आता ॲम्पियर. साधा हिशोब असा की लोखंडाला एक मिलिमीटर जाडीमागे साधारण ४० ॲम्पियर लागतात, स्टेनलेसला त्याहून थोडे कमीच कारण त्यातून उष्णता लवकर पसरत नाही, जिथे आर्क लावलास तिथेच ती साठून राहते. तुझा पत्रा कुठला, २० गेज किंवा १८ गेज असणार, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तुझं रोजचं काम २५ ते ४५ ॲम्पियरमध्ये होणार, कडा वितळवून जोडायच्या असतील तर २० लाही होईल. अगदी एक सूत जाडीचा म्हणजे ३ मिलिमीटरचा पाया जोडायचा म्हटलास तरी १०० ते १२०. मग २५० चं करायचं काय? दुकानदार वरचा आकडा सांगतात, तुला विचारायचाय खालचा. १० ॲम्पियरला आर्क शांत उभा राहतो का, की फडफडतो आणि विझतो? पातळ कामाला मशीनची खरी किंमत इथे कळते आणि हा आकडा खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

वरच्या आकड्याचं पण एक सांगतो. फार वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पैशाने पहिलं मशीन घेतलं, पुढे मोठ्ठं २५० लिहिलेलं. मे महिना, पत्र्याची शेड, दोन सूत जाडीचे फ्लँज जोडत होतो १६० वर, आणि चार-पाच मिनिटं झाली की पिवळा दिवा लागायचा आणि मशीन बंद. पंखा नुसता घरघर करतोय, मी पाइपवर बसून दिवा विझायची वाट बघतोय. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवस चाललं. मग एकदाची मागची प्लेट वाचली तर त्यावर बारीक लिहिलेलं, २५० ला ड्युटी सायकल २० टक्के. म्हणजे दहा मिनिटांतली दोनच मिनिटं तो करंट द्यायचा आणि आठ मिनिटं गार व्हायचं, आणि आपल्याकडची मे महिन्यातली शेड म्हटल्यावर त्याहूनही कमी. म्हणून पुढचा आकडा बघायचाच नाही, मशीन फिरवून मागची प्लेट वाचायची. २०० ला ६० टक्के लिहिलं असेल तर दहातली सहा मिनिटं, आणि तुझ्या ४० ॲम्पियरला ते मशीन दिवसभर चालेल, तापणारसुद्धा नाही.

एसी-डीसीचं. मामेभाऊ चुकीचं सांगत नाहीये, ॲल्युमिनियमला एसी लागतोच. ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशाला वितळतं पण त्याच्यावर ऑक्साइडची जी पातळ साय असते ती दोन हजार अंशांच्याही वर वितळते, म्हणून डीसीवर करायला गेलीस तर आत धातूचं पाणी झालेलं आणि वर सुरकुतलेली पिशवी तशीच. एसीमध्ये करंट दिशा बदलत राहतो, एका फेरीत तो ऑक्साइड उडवतो आणि दुसऱ्या फेरीत आत उष्णता घालतो, म्हणून तिथे एसी. पण तुझ्या अख्ख्या पत्रात ॲल्युमिनियमचं स्वतःचं असं एकही काम नाही. स्टेनलेस, लोखंड, तांबं, टायटॅनियमसुद्धा, हे सगळं डीसीवर होतं. चांगल्या एसी-डीसीला डीसीच्या दुपटीच्या वर मोजावे लागतात आणि तेवढ्यात बसणारं स्वस्त एसी-डीसी घेतलंस तर डीसीची बाजूही कच्ची मिळेल. वर्षातून एखादा ॲल्युमिनियमचा तुकडा निघाला तर मकरपुऱ्यात कुठल्याही आर्गनवाल्याकडे ने, तासाभरात करून देईल. दोन वर्षांनी वाटलं की आता ॲल्युमिनियमच करायचंय, तर तेव्हा बदल, तोवर तुझा हात तयार झालेला असेल आणि काय हवंय तेही तुला कळलेलं असेल.

थ्री इन वनवर एकच सांगतो, गॅसशिवाय टिग ही गोष्टच नाही. तिथे जे गॅसशिवाय चालतं ते मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकत वितळते ते वेल्डिंग, आणि तेही तारेत फ्लक्स, म्हणजे जोडाला हवेपासून वाचवणारी पूड, भरलेली असेल तरच. टिगमध्ये आर्गन नसेल तर तापलेलं टंगस्टन हवेत क्षणात जळून पांढरा-पिवळा धूर होतं. बरं अशा बऱ्याच मशीनमध्ये गॅसचा वॉल्व्ह आत नसतोच, टॉर्चवर एक खटका असतो तो हाताने उघडायचा आणि हाताने बंद करायचा, स्टार्ट फक्त घासून किंवा टेकवून, पेडल नाही. रॉडचं काम जास्त आणि टिग कधीतरी अशा माणसाला चालेल. तुझं काम उलटं आहे.

हे मूळ तंत्रही नाजूक कामासाठीच निघालं. अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ नावाच्या माणसाने मॅग्नेशियम जोडायला ते बसवलं, १९४२ ला पेटंट मिळालं, तेव्हा आर्गनच्या जागी हेलियम वापरायचे म्हणून तिकडे हेलिआर्क म्हणायचे. आपल्याकडे आर्गन आला म्हणून मकरपुऱ्यात कुणालाही विचार, आर्गन वेल्डिंगच म्हणतील.

आता आजी आणि पेसमेकर, इथे जरा थांबून वाच. टिग सुरू करायचे दोन चांगले प्रकार. एचएफमध्ये टंगस्टन पत्र्याला न टेकवता बटण दाबलं की ठिणगी उडून आर्क पेटतो, स्वच्छ, पातळ पत्र्यावर डाग पडत नाही. लिफ्टमध्ये टंगस्टन हलकेच टेकवून उचलायचं, मशीन तेवढ्यापुरता अगदी कमी करंट देतं. एचएफ म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीचा मोठ्या व्होल्टेजचा झटका, तो आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देऊ शकतो, आणि वेल्डिंगच्या केबलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तर दोन्ही प्रकारांत असतं. म्हणून मशीन विकत घ्यायच्या आधी आजींचं पेसमेकरचं कार्ड घेऊन त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना जाऊन विचार, घराच्या मागे वेल्डिंग करणार आहे, एचएफ असेल, मधे किती अंतर आणि किती भिंती आहेत हे सांगून विचार. ते जे सांगतील ते शेवटचं, माझं किंवा दुकानदाराचं ऐकायचं नाही. त्यांनी हो म्हटलं तरी काम चालू असताना आजी शेडमध्ये किंवा शेडच्या दारात नकोत. चहा द्यायला येतात ना त्या, मला माहितीये, तर त्यांना सांग की बाहेरून हाक मारा, मी येते. टॉर्चची आणि अर्थिंगची केबल एकमेकींच्या जवळून ने, वेटोळं करून ठेवू नकोस, आणि अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लाव. याचसाठी म्हटलं एचएफ आणि लिफ्ट दोन्ही असलेलं घे, म्हणजे डॉक्टर एचएफला नको म्हणाले तर खटका फिरवून लिफ्टवर काम करता येईल. लिफ्टनेही छान काम होतं, हात बसायला महिनाभर लागतो इतकंच.

पेडल का म्हणतोय ते. तू बसून काम करणार, पान हातात फिरवत, कडेला आलीस की पत्रा एकदम तापतो आणि कड गळून पडते. पायाखाली करंट असेल तर कड दिसायला लागली की पाय हलका करायचा, शिलाई मशीनसारखं. स्वस्त मशीनला बऱ्याचदा टॉर्चच्या बटणाची दोन पिनांची सॉकेट असते फक्त, पेडल कधीच लागत नाही, म्हणून दुकानातच सॉकेट बघ आणि याच मशीनचं पेडल मिळतं का ते विचार, नंतर बघू म्हणाले की मिळत नाही. पेडल नसेल तर निदान डाउनस्लोप हवाच, म्हणजे शेवटी करंट हळूहळू उतरतो आणि टोकाला खड्डा पडून चीर जात नाही. पोस्ट फ्लोही बदलता आला पाहिजे. आर्क विझल्यावरही गॅस थोडा वेळ चालू राहतो तो पोस्ट फ्लो, तोवर टॉर्च जागेवरून हलवायचा नाही. नवीन माणूस हमखास उचलतो आणि मग टंगस्टनही काळं आणि टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, तोही काळा.

दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तुझ्या पत्र्याचे दोन तुकडे, एक मिलिमीटरचे, कडा घासून, पुसून पिशवीत घे. दुकानदाराला म्हण मशीन लावा, बाटला जोडा, २० ॲम्पियरवर पेटवा. दहा वेळा पेटवायला लाव, दहातले नऊ वेळा तरी एका झटक्यात पेटला पाहिजे. मग १० वर आण. मग १५० वर पाच-सात मिनिटं सलग जाड तुकड्यावर चालव आणि दिवा लागतो का बघ. जो दुकानदार हे करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस, दुसरा करू देतो. बोर्ड जळला तर दुरुस्ती बडोद्यातच होते की बाहेरगावी पाठवता, पाठवलं तर मधे किती दिवस, हेही तिथेच विचारून बिलावर वॉरंटी लिहून घे. ईसाब, ॲडॉर अशा जुन्या नावांचं थोडं महाग पडेल, तरी ब्रँडपेक्षा मी दुरुस्ती कुठे होते ते आधी बघतो.

सोबत येणारा टॉर्च बहुतेक २६ नंबरचा असतो, जाड, जड, केबल ताठ. २०० ॲम्पियरला तो बरोबर, पण तुझ्या कामाला १७ नंबरचा किंवा त्याहून छोटा ९ नंबरचा टॉर्च घे, मऊ केबलवाला, दोन्ही हवेवर गार होतात आणि सव्वाशे-दीडशे ॲम्पियरपर्यंत पुरतात. त्याला गॅस लेन्स लावून घे. आत बारीक जाळी असते, गॅस सरळ धारेत येतो, टंगस्टन जरा बाहेर काढता येतं आणि पक्ष्याच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात तुला जागा दिसते. फार महाग नाही ते, आणि फरक पहिल्या दिवशी दिसतो.

टंगस्टन लाल टोकाचं देतील, कारण सगळे तेच मागतात. लाल म्हणजे त्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड, आणि थोरियम किरणोत्सर्गी असतं. कांडी पडून राहिली तर फार काही नाही, पण टोक घासताना जी धूळ उडते ती छातीत जाते. आम्ही वर्षानुवर्षं उघड्या ग्राइंडरवर तोंडाला काही न बांधता ती घासली, कुणी सांगितलंच नाही, आणि ती गोष्ट मला आजही लागते. तू निळ्या टोकाचं घे, दोन टक्के लँथेनम ऑक्साइड, १.६ मिलिमीटर, काम तितकंच चांगलं. टोक घासताना लांबीच्या दिशेने घास, ओरखडे टोकाकडे गेलेले दिसले पाहिजेत, आडवे पडले तर आर्क भटकतो.

गॅस. आपल्याकडे दोन माप जास्त चालतात, मोठा बाटला ७ घनमीटरचा आणि छोटा दीड घनमीटरचा. तू मिनिटाला ७ लिटर सोडलास तर छोटा साडेतीन तास आर्क चालेल आणि मोठा साडेसोळा तास, त्यातला थोडा पोस्ट फ्लोमध्ये जाणार. संध्याकाळी दोन तास बसलीस तरी प्रत्यक्ष आर्क पंधरा-वीस मिनिटंच चालतो, बाकी वेळ कापणं, वाकवणं, बसवणं. म्हणजे छोटा दहा-बारा संध्याकाळी, मोठा पन्नासच्या आसपास. रिफिलचा भाव घनमीटरमागे छोट्याला बराच जास्त पडतो, म्हणून जागा असेल तर मोठाच आण, उभा ठेव, भिंतीला साखळीने बांध. बांध म्हणजे बांधच, आडवा पडून वॉल्व्ह तुटला तर दीडशे बारचा बाटला भिंत फोडून जातो. मागताना प्युअर आर्गन असं स्पष्ट म्हण. मिगवाल्यांचं मिक्स वेगळं, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, ते लावलंस तर टंगस्टनचं टोक दोन सेकंदांत गोळा. रेग्युलेटर नळीत गोळी तरंगणारा घे, लिटर डोळ्याला दिसतात. जोडलास की साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांधा बघ, रात्रभर सू सू करत अर्धा बाटला रिकामा झालेला मी बघितलाय.

आणि पंखा! आमच्याकडे एक नवीन पोरगा होता, हात चांगला, पण मे महिन्यात त्याचे टाके रोज दुपारी काळे पडायचे, मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. सकाळी चांगले, दुपारी खराब. गॅस बदलला, टंगस्टन बदललं, पत्रा ॲसिटोनने पुसला, काही नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो तर मानेला गार वारा लागला. कुणीतरी त्याच्यावर दया करून दुपारी मोठा उभा पंखा त्याच्याकडे वळवायचं. आर्गन हवेपेक्षा जड असला तरी त्या कपातून येतो ती इतकी हलकी फुंकर असते की पंख्याने ती कधीच उडून जाते. तुझ्या शेडमध्ये पंखा पाठीमागे किंवा जमिनीजवळ, वारा कामावर नको. पण धूर बाहेर गेलाच पाहिजे, स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचा घातक प्रकार असतो, म्हणून समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट बसव आणि डोकं धुराच्या रेषेत ठेवू नकोस. शेड पूर्ण बंद करून तर कधीच करू नकोस, आर्गनला वास नाही, रंग नाही, खाली साठतो आणि श्वासातली हवा ढकलून देतो. पुसायला ॲसिटोन ठीक, पूर्ण वाळू दे आणि डबा दूर ठेव. क्लोरीनवाले क्लीनर मात्र आर्कच्या जवळ आणायचे नाहीत, त्यातून विषारी गॅस बनतो.

हेल्मेट ऑटो डार्क घे, चार सेन्सरचं, आणि घेताना विचार की टिगला किती ॲम्पियरपासून काळं होतं. स्वस्तातली २० ॲम्पियरच्या मंद आर्कला कधी होतात कधी नाही, आणि एकदा आर्कच्या उजेडाने डोळा भाजला की रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं. काचेच्या काळेपणाचा नंबर तुझ्या कामाला ९ किंवा १०. कपडे सुती, पूर्ण बाह्या, गळा बंद, कारण स्टेनलेसवरून उजेड उलटून हनुवटीखाली येतो आणि तिथली कातडी उन्हात भाजल्यासारखी सोलते. सिंथेटिक ओढणी शेडच्या बाहेर.

वीज. २०० ॲम्पियरला आर्कवर साधारण १८ व्होल्ट, म्हणजे ३६०० वॉट तिथेच, मशीनमधलं नुकसान धरून लाइनमधून पंचवीसेक ॲम्पियर ओढेल. पण तुझ्या ४० ॲम्पियरला चार-पाच, आणि १०० ला नऊ-दहा. म्हणजे १६ ॲम्पियरचं चांगलं सॉकेट, बोर्डापासून थेट आलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा खटका), आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) आणि पक्कं अर्थिंग, एवढ्यात तुझं सगळं काम होतं. विजेच्या, म्हणजे एमजीव्हीसीएलच्या, बिलावर सँक्शन लोड (मंजूर भार) किती आहे तेवढं बघ, कमी असेल आणि घरातला एअर कंडिशनरही चालू असणार असेल तर वाढवून घे. वेटोळं केलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन लावू नकोस.

सुरुवात फिलरशिवाय कर. दोन पानांच्या कडा एकमेकींना अगदी चिकटवून, फट शून्य, नुसत्या वितळवून जोड, तुझ्या पत्र्याला तेच सगळ्यात सुंदर दिसतं. मागे तांब्याची पट्टी दाबून धर, उष्णता ती खेचून घेते आणि मागून हवा लागत नाही, नाहीतर मागची बाजू काळी खडबडीत होते, आम्ही त्याला साखर म्हणतो, आणि पहिल्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. टाक्याचा रंग वाळलेल्या गवतासारखा फिका सोनेरी आला तर छान, निळा-जांभळा चालेल, राखाडी आला म्हणजे फार तापवलंस किंवा गॅस उडाला. डाग काढायला पिकलिंग पेस्ट घरी आणू नकोस, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, स्टेनलेसचा वेगळा ब्रश ठेव, लोखंडाला न लावलेला. फिलर ३०४ जातीच्या स्टेनलेसला ३०८ एल, आणि तुझ्या जुन्या लोखंडी सळ्यांवर स्टेनलेसची पानं बसवायची असतील तिथे ३०९ एल. पत्रा घेताना ३०४ असं बिलावर लिहून घे. बाजारात २०२ जातीचं स्टेनलेस पण त्याच चकाकीने विकतात, लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही म्हणून त्याने कळत नाही, आणि बागेत ठेवलेलं २०२ चं शिल्प दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके दाखवतं.

राहिला तांब्या. त्याला आर्गन लावूच नकोस. पितळेत जस्त असतं, जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि पितळही त्याच्याच आसपास वितळतं, म्हणजे आर्क लागताक्षणी पांढरा धूर निघून जस्त उडतं, टाका भोकांचा, आजूबाजूचं पितळ लालसर, आणि तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप. जोडायचाच असेल तर कॅडमियम नसलेला चांदीचा टाका, ७०० अंशांच्या आत होतो, गॅसच्या ज्योतीवर एखादा जुना कारागीर करून देईल, पण त्यानेही तांब्याचा जुना रंग जाणारच आणि तो परत आणता येत नाही. माझं ऐकशील तर स्टेनलेसच्या तीन पाकळ्यांची बैठक कर, तांब्याच्या पोटाचं माप घेऊन, पाकळ्यांच्या आतून पातळ चामडं लाव, तांब्या वरून आत बसेल आणि गळ्याखाली पाकळ्यांची टोकं किंचित आत वळव म्हणजे हलणार नाही. बैठक शिल्पाला आर्गनने जोड, तांब्या सगळ्यात शेवटी ठेव. आजींना संक्रांतीला पूजेत हवा असेल तेव्हा उचलून देता येईल.